साहेबांच्या एकेचाळीस लेकी

वाघझरी
२० एप्रिल २०२५

शैलजाताईला उद्धवचा नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर "बरं आहे" एवढं म्हणून ठेवतेस. म्हणून या निवृत्त मास्तराने कागद काढला. आतेभावाचं अक्षर तरी तुला खरं वाटेल!

कारण आनंदाचं आहे. आमचे ठाणेदार भगवानराव खराटे येत्या ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. छत्तीस वर्षांची नोकरी, त्यातली चौदा आमच्या वाघझरीत. आधी शिपाई म्हणून आले, मग फौजदार म्हणून, आता ठाणेदार म्हणून. गावाने नागरी सत्कार ठरवला आहे. समितीत हार-तुरे आणि मंडप बघणारे बरेच आहेत. लिहिणारा मी एकटाच. तेव्हा मानपत्र माझ्याकडे आणि स्मरणिकाही माझ्याच गळ्यात. मिरवणूक निघेल, फुलांनी सजवलेली जीप ठाण्यातले शिपाई दोरखंडाने ओढत साहेबांना घरी पोचवतील. पण खरा सोहळा वेगळाच आहे.

तुला ठाऊक आहे, सासरी जाच होतो म्हणून कुणी मुलगी ठाण्यात आली की साहेब तक्रार लिहून संसार मोडत नसत. दोन्ही घरं बोलवायचे, चहा पाजायचे, जावयाला फैलावर घ्यायचे, आणि मुलीची साडीचोळीने ओटी भरून तिला सासरी पाठवायचे. "ठाणं म्हंजे लेकीचं माहेर," हे त्यांचं वाक्य जिल्हाभर गाजलं. अशा एकेचाळीस लेकी आहेत. त्या सगळ्या येऊन साहेबांना ओवाळणार आहेत. आपली गार्गी त्यातलीच.

तू तिची आई. स्मरणिकेसाठी एक पानभर आठवण आणि तुम्हा मायलेकींचा एक फोटो पाठव. साहेबांनी स्वतः तुझं नाव काढलं, "नांदुऱ्याच्या बाईंले विसरू नका मास्तर," म्हणाले. बावीस मेला छपाई आहे.

तुझा
उद्धव

*

नांदुरा
२७ एप्रिल २०२५

उद्धव,

तुझं पत्र २० तारखेचं. मला २५ ला मिळालं. पाकिटाचा एक कोपरा उघडून पुन्हा चिकटवल्यासारखा वाटला. तहसीलमध्ये एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे, पाकीट कसं दिसतं ते मला कळतं. तूच दोनदा चिकटवलं असशील तर तसं कळव.

फोनवर मी बोलत नाही याला कारण आहे. जावयाने माझे तीन फोन टेप केले आणि लग्नातल्या मध्यस्थांना बोलावून बैठकीत ऐकवले. मी रडले होते तेवढंच ऐकवलं. आधी तो काय बोलला ते नाही. तेव्हापासून मी फोनवर फक्त बरी असते.

आता साहेबांचं. एकेचाळीस बायकांमधून त्यांना सहा वर्षांपूर्वीची माझी आठवण का यावी? मी कोण लागून गेले? गावाने एवढा गौरव करायचा तर माझ्या सहीचं पान कशाला हवं? ज्याला आपण केलेलं काम चांगलं होतं याची खात्री असते, तो दाखले गोळा करत फिरत नाही. दाखला कशासाठी मागतात हे मला नको शिकवू.

त्या दिवशी मी तिथेच होते. गार्गी सासरहून, चिंचखेडहून, पायी निघून ठाण्यात आली होती, मला तिथूनच निरोप आला. चहा झाला. बिस्किटं झाली. तेव्हा फौजदार असलेल्या तुमच्या साहेबांनी जावयाला, शंतनुला झापलं, साध्या कागदावर त्याची सही घेतली, त्यांच्या बायकोने ओटी भरली आणि माझ्या लेकीला परत पाठवून दिलं. वर्तमानपत्रात फोटो आला. त्या फोटोत हसत नसलेली ती एकटीच आहे.

गेली तीन वर्षं मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. शेवटचं गेले तेव्हा तिच्या सासूने उंबऱ्यावरच पाणी दिलं आणि "ते झोपली हाय" म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

आठवण लिहिणार नाही. फोटो देणार नाही. आणि हे पत्र तुझ्याजवळच राहू दे. साहेबांना दाखवू नकोस.

शैलजा

*

वाघझरी
५ मे २०२५

ताई,

पाकीट मीच दोनदा चिकटवलं होतं. आत तुझा पिन कोड लिहिलाय का ते बघायला उघडलं. पिन कोड पाकिटावर लिहितात हे नंतर आठवलं. मास्तरकीची एवढी वर्षं वाया गेली असं समज, पण मला हेर समजू नकोस.

तुझा स्वभाव लहानपणापासून असाच. सोनाळ्याला तुमच्या घरी मी सुट्टीत यायचो तेव्हा मामी लाडू देत, तर तू आधी मला खायला लावायचीस!

आता तुझी शंका फिटेल असं काही पाठवतो आहे. गार्गीचा स्वतःचा लेख आला. चिंचखेडहून, तिच्या हस्ताक्षरात, शंतनुरावांनी आणून दिला. त्याची प्रत सोबत आहे. मुद्दाम तुझ्यासाठी दोन ओळी इथेही उतरवतो:

"साहेबांनी माझी ओटी भरली आणि माझा संसार उभा राहिला. माझी आई दर महिन्याला मला भेटायला येते आणि माझं सुख बघून तृप्त होऊन जाते. माझे बाबा मला शाळेत सोडताना म्हणायचे, पोलीस म्हणजे आपला माणूस. ते किती खरं होतं! आता मला कशाचीच काळजी नाही. घरामागच्या विहिरीवर मी रोज संध्याकाळी एकटीच बसते. फार शांत वाटतं."

काय सुरेख लिहिलंय! अक्षर थोडं घसरलं आहे, पण भाषा आपल्या घराण्याची. दहापैकी आठ दिले असते. पोरगी सुखात आहे ताई. तीन वर्षांच्या रुसव्याफुगव्यात तूही थोडी जबाबदार नसशील का, याचा विचार कर.

उद्धव

*

नांदुरा
९ मे २०२५

उद्धव,

लेख काल दुपारी मिळाला. तेव्हापासून मी पाच वेळा वाचला. आता तू एकदा वाच, आणि मास्तर म्हणून वाचू नकोस.

आई दर महिन्याला येते, असं ती लिहिते. मी तीन वर्षांत गेलेली नाही हे तुला मागच्याच पत्रात लिहिलं होतं.

बाबा शाळेत सोडताना म्हणायचे, असं ती लिहिते. अरे, ती अकरा महिन्यांची असताना हे गेले. खांदा द्यायला तूही होतास. तिला बाबांनी कधी शाळेत सोडलं?

तू वाचलंस आणि आठ गुण दिलेस!

तिने खोटं लिहिलंय, आणि ते खोटं कशासाठी आहे हे जगात दोनच माणसांना कळेल असं लिहिलंय. एक तू, एक मी. सासरच्यांना ते वाचून बरंच वाटलं असणार. सुनेची आई दर महिन्याला येते म्हटलं की त्यांचीच शोभा. म्हणून त्यांनी कागद जाऊ दिला. ते सगळं खोटं असेल, तर "मला कशाचीच काळजी नाही" हेही तसंच. आणि मग विहिरीचं ती कुणाला सांगते आहे?

मला दोन घास जात नाहीत उद्धव. मी स्वतः गेले तर दार उघडणार नाहीत, उलट माझ्या जाण्याचा राग तिच्यावर निघेल. तू स्मरणिकेवाला आहेस. फोटो काढायचा म्हणून जा. तिला डोळ्यांनी बघ आणि काय बघितलंस ते सगळं लिही. तुला बिनमहत्त्वाचं वाटेल तेही लिही. तुझं मत कळवू नकोस.

शैलजा

*

वाघझरी
१६ मे २०२५

ताई,

बाबांचं वाक्य माझ्या नजरेतून सुटलं हे कबूल. मला वाटलं, लेखात मुलं लिहितातच असं. मीच वर्गात कधी न काढलेल्या सहलींचे निबंध लिहून घेतलेत.

काल चिंचखेडला जाऊन आलो. तू सांगितलंस म्हणून सगळं लिहितो, आणि मत कळवू नको म्हणालीस तरी शेवटी कळवणार आहे.

घर नीटनेटकं. अंगणात नवी ट्रॅक्टरची ट्रॉली. शंतनुराव अगदी अदबीने "या मामा" म्हणाले. सासूबाई दारातल्या खाटेवर बसून होत्या त्या मी निघेपर्यंत तिथेच. गार्गी बाहेर आली. वाळली आहे, पण उन्हाळ्यात कोण वाळत नाही? नमस्कार केला. मी विचारलं, कशी आहेस, तर सासूबाईच म्हणाल्या, "मस्त हाय ना, काऊन? तिले काय कमी हाय इथं?" गार्गी हसली. चहा आणला. कप मात्र डाव्या हाताने दिला, ते मला खटकलं. एवढ्या शिकल्या-सवरल्या घरातली पोर, पाहुण्याला डाव्या हाताने देते? ते तुझ्या शिकवणुकीत राहिलं.

फोटोच्या वेळी उजवा हात पदराखालीच होता. मी म्हटलं, हात मोकळा सोड बेटा. तर शंतनुराव म्हणाले, "असाच काढा मामा, चांगला दिसते."

निघताना ती फाटकापर्यंत आली. सासूबाई मागेच होत्या. मला विचारते, "मामा, एकतीस तारखेले साहेब किती वाजेपर्यंत साहेब आहेत?" मी म्हटलं, संध्याकाळी कार्यभार सोपवेपर्यंत. तिने मान हलवली. साहेबांवरची माया बघ किती!

माझं मत: मुलगी जरा दबून आहे, पण सुखी आहे.

उद्धव

*

नांदुरा
१९ मे २०२५

उद्धव,

तिचा उजवा हात गेला आहे. म्हणून अक्षर घसरलं, म्हणून कप डाव्या हाताने दिला. तू माझ्या शिकवणुकीवर बोट ठेवलंस आणि हात बघितला नाहीस.

तुला शिव्या द्यायला सवड नाही. ती एकतीस तारखेची वाट बघते आहे. साहेब किती वाजेपर्यंत आहेत हे ती मायेने विचारत नाही. त्या दिवशी तिला घराबाहेर काढणारं निमंत्रण आहे, जे सासरचे नाकारू शकत नाहीत, आणि एवढं एकच आहे. ती तिथे काय करणार ते मला माहीत नाही. तिला तिथे येऊ द्यायला हवं एवढंच मला कळतं.

म्हणून निमंत्रण समितीचं नको. ठाण्याच्या शिक्क्याचं हवं आणि शिपायाने हातात नेऊन द्यायला हवं. नाहीतर ते जावेला नाहीतर नणंदेला पाठवतील आणि गार्गीला बरं नाही म्हणतील.

आता खरं सांग. माझी पत्रं तू साहेबांना दाखवतोस का? तुझ्या मागच्या पत्रात गार्गीने विचारलं तेवढं सोडलं, तर तू त्यांचं नाव घेतलं नाहीस. पहिल्या पत्रात ओळीओळीला साहेब होते. माणूस ज्याचं नाव टाळतो त्याच्याशीच बोलून आलेला असतो.

मी एकतीसला येणार नाही. मला बघून ते तिला गाडीतून उतरू देणार नाहीत.

शैलजा

*

वाघझरी
२ जून २०२५

ताई,

गार्गी माझ्या घरी आहे. आधी हे वाच, मग पाणी पी, मग पुढचं वाच.

होय, मी तुझी पत्रं साहेबांना दाखवली. सत्तावीस तारखेचं आणि नऊ तारखेचं. तुझी शंका किती टोकाची आहे हे त्यांना सांगून दोघांनी मिळून हसायचं, असं माझ्या मनात होतं. मला त्याची लाज वाटते. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी गार्गीचा लेख मागून घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "मास्तर, हे स्मरणिकेत छापू नका." शिक्क्याचं निमंत्रण तुझं पत्र यायच्या आधीच निघालं होतं. एकतीसला सकाळी हर्षल नावाचा शिपाई आणि एक महिला शिपाई जीप घेऊन चिंचखेडला गेले. "बाकीच्यांसाठी जागा नाही" असं सांगून एकट्या गार्गीला बसवून आणलं.

एकेचाळीसपैकी तेवीसच आल्या. बाकीच्या का आल्या नाहीत, हे मला आता विचारावंसं वाटतं. तेव्हा मला फक्त खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या.

भाषणं झाली. मी मानपत्र वाचलं. टाळ्या पडल्या. मग ओवाळणी. गार्गी नवव्या नंबरवर होती. तबक डाव्या हातात. तिने ओवाळलं नाही. तबक तसंच साहेबांसमोर धरलं. त्यात सुपारीखाली घडी घातलेला कागद होता. म्हणाली, "साहेब, तुम्ही अजून साहेब आहात ना? हे लिहून घ्या."

साहेबांनी कागद उघडला. फोटोवाला म्हणत होता, "साहेब, इकडं पाहा." साहेबांनी कागद वाचून खिशात ठेवला आणि पुढच्या बाईला बोलावलं. ताई, त्या क्षणी मला तू आठवलीस. मला वाटलं, खिशात गेलं ते गेलं. गार्गीचा चेहरा मी नाही वर्णन करत.

कार्यक्रम संपला. मिरवणूक निघायची होती. ठाण्यासमोर जीप झेंडूने मढवलेली, शिपायांच्या हातात दोरखंड, बँडवाले तयार. साहेब जीपकडे न जाता गार्गीला घेऊन ठाण्यात शिरले. मला आत बोलावलं. महिला शिपायाला संगणकावर बसवलं. म्हणाले, "घे माय, सांग. पहिल्यापासून सांग. कोनी मधात बोलनार नाई."

दीड तास लागला. बाहेर उन्हात शिपाई दोर धरून उभे. दोनदा अध्यक्ष येऊन गेले. साहेबांनी एकदाही मान वर केली नाही. गुन्हा नोंदवला, मनगट दाखवायला दवाखान्याचं पत्र दिलं, सही केली आणि मगच कार्यभार सोपवला. मनगट चार महिन्यांपूर्वी मोडलं होतं. दवाखान्यात नेलंच नव्हतं. हाड वेडंवाकडं जुळलं आहे.

नंतर जीप ओढली, पण साहेब तिच्यात बसले नाहीत. रिकामी जीप ओढत नेली आणि ते मागून चालत घरी गेले. गावाला वाटलं, साधेपणा. मला अजून कळत नाही, त्यांना पश्चात्ताप झाला की नव्या माणसाच्या हाती हे लागेल याची भीती वाटली. तू नक्की भीतीच म्हणशील.

आता कठीण भाग. सहा वर्षांपूर्वीची काहीच नोंद नाही. त्या साध्या कागदावर मारहाणीचं अक्षर नाही. शंतनुचा वकील म्हणणार, हिने आधी कधी तक्रारच केली नाही, हात विहिरीवर पडून मोडला. काल साहेबांनी स्वतःचा जबाब दिला, की ती तेव्हाही मार खाऊन आली होती आणि मी लिहून घेतलं नाही. चौकशी मागे लागेल हे त्यांना ठाऊक आहे. पण एकाच्या जबाबावर भागणार नाही, असं नवे ठाणेदार म्हणतात. त्या खोलीत तेव्हा तूही होतीस.

फिर्याद टाईप होताना मी शेजारी होतो. त्यात एक वाक्य आहे: "सहा वर्षांपूर्वी मी हात साहेबांना दाखवला आणि आईला दाखवला. दोघांनीही जा म्हटलं."

ताई, तू मला फक्त साहेबांचं लिहिलं होतंस.

ती नांदुऱ्याला यायला तयार नाही. मी दोनदा विचारलं. "नको मामा" म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

उद्धव

*

वाघझरी बस स्टँड
१० जून २०२५, दुपारी चार

उद्धव,

हे पत्र टपालाने येत नाही. स्टँडवर चहा विकणाऱ्या जनकाबाई तुझ्या गल्लीतच राहतात, त्यांच्या हाती देते आहे. त्यांनी वाटेत वाचलं तरी चालेल.

सकाळी नांदुऱ्याहून निघाले, मोताळ्याला गाडी बदलली, साडेअकराला तुमच्या ठाण्यात पोचले. तुझ्या घरी आले नाही. ते घर सध्या गार्गीचं आहे, तिने बोलावलं तरच यावं.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. पहिले दोन दिवस मी तुझ्यावर चिडले. मग साहेबांवर. मग नव्या ठाणेदारांवरही संशय घेतला, की शंतनुच्या ओळखीचा असेल. उद्धव, या जिल्ह्यात संशय घ्यायचा मी कुणी बाकी ठेवला नाही. तुझ्या पाकिटावरसुद्धा घेतला. तो सगळा संशय कशासाठी होता ते मला आज ठाण्यातल्या बाकावर बसल्यावर कळलं. दुसऱ्या कुणाचा तरी गुन्हा शोधत राहिले तोवर माझा कुणी विचारणार नव्हतं.

जबाब घेणारी तीच महिला शिपाई होती. तिने विचारलं, "काकू, त्या दिवशी तुमाले मुलीच्या हातावर वळ दिसले होते का?"

मी म्हटलं, दिसले होते. कोपरापासून खांद्यापर्यंत होते.

"मंग तुमी काय केलं?"

मी सांगितलं. साहेबांच्या बायकोने ओटीत साडी घातली, त्यावरचं पोलकं अर्ध्या बाह्यांचं होतं. मी माझ्या पिशवीतलं लांब बाह्यांचं काढलं, आतल्या खोलीत नेऊन गार्गीला घातलं, साडी मीच नेसवली आणि म्हटलं, जा बाई, चार लोकांत शोभा नको. नांदुऱ्याला लोक काय म्हणतील, तिच्या वयाला पुन्हा कोण करून घेईल, मी एकटी बाई किती दिवस पुरणार, सगळं तेव्हा डोक्यात होतं. ती "आई" म्हणाली. त्या फोटोत ती का हसत नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

शिपाई टाईप करता करता थांबली. म्हणाली, "हे लिवू का काकू? हे नाई लिवलं तरी चालते. केसले वळाचं पुरते."

मी म्हटलं, लिही.

सही केली. प्रत सोबत आहे. गार्गीला दे. तू वाचून सांगू नकोस, तिला स्वतः वाचू दे.

साहेब ठाण्याच्या फाटकाबाहेर भेटले. साध्या शर्टात ओळखू आले नाहीत. नमस्कार करून म्हणाले, "बाई, माफी कोन्या तोंडानं मागू?" मी म्हटलं, माझी मागू नका, मी तुमच्याच बाजूला बसले होते. ज्या अठराजणी आल्या नाहीत त्यांच्या घरी जा. ते "हाव" म्हणाले. जातील की नाही ते मी आता बघत बसणार नाही, तू बघ. मानपत्र तू लिहिलं आहेस.

नांदुऱ्याकडे जायची आजची शेवटची गाडी साडेपाचला आहे. गार्गी आली तर तिच्यासोबत जाईन, ती म्हणेल तिथे. नाही आली तर मी त्या गाडीत बसणार नाही. जनकाबाई म्हणतात, रात्री त्यांच्याकडे पडायला जागा आहे, सकाळी पुन्हा इथेच येऊन बसा. मी हो म्हटलं आहे.

तिला घाई करू नकोस. फक्त सांग, की आई स्टँडवर बसली आहे आणि तिला जा म्हणायला आलेली नाही.

शैलजा